नवव्या मजल्यावरची माती

शेजारच्या वहिनींना सध्या मातीशी नातं जोडायचं आहे. फ्लॅट नवव्या मजल्यावर, म्हणून माती ऑनलाइन मागवली. पुडा फोडल्यावर कळलं, ती मातीच नव्हे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. हात मळू नयेत म्हणून मोजे आहेतच. सावता माळ्यांना अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला, असं त्या मला ऐकवतात. खरंय, पण सावतोबांना खुरपं खाली ठेवून सेल्फी काढायची नव्हती. तीन महिन्यांत मिरच्या आल्या चार, हिशेबाने सोन्याच्या भावाच्या. परवा गावाहून वहिनींच्या सासूबाई आल्या. कुंडीत बोट खुपसून म्हणाल्या, “पाणी जास्त झालंय गं.” चाळीस पावसाळे भातलावणी केली त्यांनी. मातीशी आपलं नातं आहे, हे मात्र त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.