मेजर (ग्रामीण)

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला मेजर म्हणतात. तो नाईक म्हणून आला असो, हवालदार म्हणून असो, की वीस वर्षे लंगरात पोळ्या लाटून. एसटीतून काळी ट्रंक खाली उतरली, की बढती लागू होते. फौजेतला मेजर हा अधिकारी असतो आणि तिथवर जायला अकादमी, परीक्षा आणि बरीच वर्षे लागतात. गावात हे काम कंडक्टर करतो. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावी तर रस्त्यात उभे राहून ‘ओ मेजर’ अशी हाक मारण्यात अर्थ नाही. निम्मा पार वळून बघतो.

एकटा मेजर निरुपद्रवी असतो. दोन जमले की पेन्शन निघते, तीन जमले की रायफल. जमण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कॅन्टीनची रांग, माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेचा दवाखाना आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँक. रांग संपली तरी विषय संपत नाही, म्हणून तो शेजारच्या चहाच्या टपरीवर नेला जातो.

चर्चेत बाहेरच्या माणसाने घ्यायची खबरदारी एकच: ‘बंदूक’ म्हणू नये. “बंदूक पाखरं हाणायला. ही रायफल,” एवढे ऐकून घ्यावे लागते, आणि हे वाक्य शेवटचे नसते.

कोणता मेजर कोणत्या रायफलीची बाजू घेणार, हे त्याच्या भरतीच्या सालावरून आधीच सांगता येते. सर्वांत ज्येष्ठ ते थ्री नॉट थ्रीवाले. दहा गोळ्यांची ही ली-एनफिल्ड ब्रिटिशांनी आणली आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनत राहिली. प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा. १९६२ साली चिनी सैनिकांच्या हाती स्वयंचलित शस्त्रे असताना आपल्या जवानांच्या हाती हीच होती. ज्येष्ठ मेजरांना हे मान्य आहे, पण दोष रायफलीचा मानत नाहीत, दिल्लीचा मानतात. “एक गोळी, एक माणूस,” असा त्यांचा हिशेब असतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला. म्हणजे ती यांच्या कितीतरी नंतर निवृत्त झाली, ही गोष्ट ते अधूनमधून ऐकवतात.

त्यांच्यानंतरचा वर्ग एसएलआरवाल्यांचा, आणि आवाजाने तो सर्वांत मोठा. ईशापूरचीच, वीस गोळ्यांची, ७.६२ मिलिमीटरची ही रायफल भरल्यावर पाच किलोच्या घरात जाते आणि माणसाच्या कमरेच्या वर येते. सेवेत असताना या वजनाला सगळ्यांनी शिव्या दिल्या आहेत. पेन्शन सुरू झाल्यावर तेच वजन गुणात जमा झाले. “दणका बसायचा खांद्याला, पण समोरचा उठायचा न्हाई,” असे म्हणताना मेजर उजवा खांदा चोळतात. खरे तर हल्ली तो खांदा ऊस भरताना धरलेला असतो.

तिसरे इन्सासवाले, आणि त्यांची कीव यावी अशी अवस्था असते. ५.५६ मिलिमीटरची ही रायफल १९९० च्या दशकात आली. ती सलग गोळ्या झाडत नाही. तीन-तीनचा झटका देते. कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या आणि तेल डोळ्यांत उडाल्याच्या तक्रारी झाल्या. ज्येष्ठांना एवढे पुरते. त्यातून तिचा आराखडा पुण्यात, पाषाणला झाला. दोष पुण्याचा निघाला की सातारच्या माणसाला जे समाधान मिळते, ते परमवीर चक्राच्या फार खाली नसते. बिचारा इन्सासवाला सांगतो, की मॅगझिन अर्धपारदर्शक असल्याने उरलेल्या गोळ्या बाहेरून दिसायच्या. “बरणी हाय व्हय लोणच्याची?” असे उत्तर येते. एसएलआर आणि इन्सास यांच्या रिकाम्या वजनात अंतर मात्र थोडकेच आहे. हा मुद्दा टपरीवर कोणी मांडत नाही, कारण मग खांदा चोळता येणार नाही.

काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये राहून आलेले एके-४७ चे भक्त वेगळेच. ते वाद घालत नाहीत. “चिखलातनं काढा, चालती,” एवढेच सांगून बिस्किट बुडवतात.

वाद मिटवायला सरकारने २०१९ साली अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली मागवल्या. त्या ७.६२ च्या निघाल्या. एसएलआरवाल्यांनी हा स्वतःचा विजय मानला: “आलं का न्हाई परत आमच्याच गोळीवर?” मग अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ बनवायचे ठरले आणि एकेवाल्यांनाही तेच म्हणता आले.

प्रात्यक्षिकाशिवाय चर्चा पुरी होत नाही. लांब दांड्याची काळी छत्री असेल तर ती एसएलआर. तीन घड्यांची असेल तर इन्सास. मेजर सिस्त धरतात, श्वास रोखतात, आणि समोरून वडाप गेली तर ड्रायव्हर अदबीने वेग कमी करतो. शस्त्राचे खोलणे-जोडणे काडेपेटी, बशी आणि चमचा यांवर दाखवले जाते. डोळे मिटूनही जमते, असे सांगून मेजर डोळे मिटतात. चमचा खाली पडतो.

आठवणींत मानाचे स्थान खोक्याच्या गोष्टीला आहे. चांदमारीत जितक्या गोळ्या मिळतील, तितकी रिकामी खोकी, म्हणजे काडतुसांची टरफले, मोजून परत द्यावी लागतात. एक कमी पडले की अख्खी प्लाटून गुडघ्यांवर बसून गवत विंचरते; जेवण नाही, पाणी नाही, अंधार पडतो, चौकशी बसायची भीती घालतात. शेवटी खोके उस्तादाच्याच बुटात सापडते. ही गोष्ट मराठा लाइट इन्फन्ट्रीचे मेजर बेळगावला घडवतात, महार रेजिमेंटचे सागरला. उस्ताद दोन्हीकडे हरयाणाचा असतो आणि त्याने दिलेली हिंदी शिवी मूळ उच्चारासह सांगितली जाते. या शिवीसाठी टपरीवाला गॅस बारीक करतो.

आवाज आणि आघाडीपासूनचे अंतर यांचे प्रमाण मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. सर्वांत तपशीलवार लढाई बहुधा स्टोअरमध्ये काम केलेला मेजर लढतो. दोन नंबरवर ड्रायव्हर. ज्याने १९९९ च्या उन्हाळ्यात खरोखरच द्रासच्या वर रात्र काढली, तो बाकाच्या टोकाला बसलेला असतो. कोणी फारच आग्रह केला तर म्हणतो, “थंडी लय हुती,” आणि म्हशीची धार काढायची आहे म्हणून उठतो. तो गेल्यावर दोन मिनिटे रायफलीचा विषय निघत नाही. मग पुन्हा निघतो.

बट नंबर सर्वांना पाठ असतो. रायफलीच्या दस्त्यावर रंगवलेला हा आकडा कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, शस्त्र काढताना सांगावा लागे. बँकेत पेन्शन खात्याचा नंबर विचारला की मेजर खिशातला कागद शोधतात. बट नंबर झोपेतून उठवून विचारला तरी येतो. बँक तो विचारत नाही.

राहिला प्रश्न चहाच्या पैशांचा. ते सर्वांत अलीकडे निवृत्त झालेल्याने द्यायचे असतात, कारण त्याची पेन्शन जास्त. समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन १ जुलै २०१४ पासून लागू झाले, त्या हिशेबाने हा नियम तेव्हाच रद्द व्हायला हवा होता. तो झालेला नाही. पैसे अजून इन्सासवालाच देतो.