दाजींची पिशवी

आमचे दाजी काल रात्री पुन्हा वारले. पाचव्या मजल्यावर. सकाळी चहाच्या आधी फोन आला, "अरे, गेलो!"

अशी माणसं तुमच्याही नात्यात असणारच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. दाजी ज्यात मरतात त्या खेळाचं नाव 'शॅटर्ड पिक्सेल डंजन'. मोबाइलमधलं भुयार, खाली खाली पंचवीस मजले, सव्विसाव्यावर तावीज. मध्येच मेलात की मेलात. पुन्हा पहिल्या मजल्यापासून, तेही नव्या भुयारात. दाजींनी अशी भुयारं पुष्कळ पाहिली, दहावा मजला मात्र अजून पाहिलेला नाही.

पाचव्या मजल्यावर एक चिकट काळा गोळा राहतो. त्याचं नाव मराठी घरात जेवताना घेता येत नाही. तो फुगायला लागला की लांब पळायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाजी पळाले नाहीत.

"पिशवीत औषध नव्हतं?"

"होतं की! तीन बाटल्या."

"मग प्यायलात का नाही?"

"पुढे लागतील कधीतरी!"

"पुढे कुठे? तुम्ही मेलात!"

"हो, पण बाटल्या शाबूत होत्या."

त्या बाटल्या औषधाच्या आहेत हेसुद्धा त्याच डावात बोट घसरून एक प्यायली गेली म्हणून कळलं. प्रत्येक डावात रंग बदलतात; आजची निळी बाटली जीव वाचवते, उद्याची पेट घेते. कळायचं तर बहुतेकदा पिऊन बघायचं. दाजी पीत नाहीत, साठवतात. एकदा आगीत सापडले, तेव्हा जपून ठेवलेली एक पोथी जळाली आणि पिशवीतलं कच्चं मांस आयतं भाजून निघालं. दाजी माळकरी. त्यांनी ते खाल्लं नाही आणि टाकलंही नाही. "लागेल कधीतरी." त्या खेपेला ते भुकेने गेले.

ताईच्या घरात लग्नातला डिनर सेट अजून खोक्यात आहे. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक आहे, उन्हाळ्यात पाहुणा उठतो तो प्लास्टिकसकट. सत्काराच्या शाली डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात कपाटात पडून आहेत. लागतील कधीतरी.

मी त्यांना एकदा सांगितलं, की ओलेग डोल्याने २०१२ मध्ये मूळ 'पिक्सेल डंजन' काढला आणि २०१४ मध्ये त्याचा सगळा कोड जगाला फुकट देऊन टाकला. त्यावरूनच एव्हन डेबेनहॅमने तुमचा हा खेळ उभा केला. दाजींचा चेहरा पडला. "सगळा दिला? थोडासुद्धा मागे ठेवला नाही?" त्या माणसाच्या काळजीने ते संध्याकाळपर्यंत हळहळत होते.

आता जे सांगायचं ते सांगायला माझ्या जिवावर येतंय. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी काउंटरवर आगाऊ रक्कम मागितली आणि मी खिशात नसलेल्या पैशांचा हिशेब करत उभा राहिलो. दाजी न बोलावता आले. मुदत भरायला थोडेच महिने उरलेली ठेव मोडून आले होते. बुडालेल्या व्याजाबद्दल हा माणूस आजवर एक अक्षर बोललेला नाही. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "लागतील म्हणून ठेवले होते. लागले."

दुसऱ्याची अडचण त्यांना लगेच दिसते. स्वतःची वेळ आलीय, हे मात्र त्यांना कधीच पटत नाही. ताईला काश्मीर दाखवायचं लग्नानंतर ठरलं, मग मुलं मोठी झाल्यावर, मग निवृत्तीनंतर. निवृत्ती झाली. पैसे आहेत, बॅगही नवी आहे, कव्हरसकट. ताईचे गुडघे तेवढे आता जिना चढताना कुरकुरतात. आणि भुयारातल्यासारखा पहिला मजला तिला पुन्हा कोणी देणार नाही.

तेव्हा तुमच्या घरी असे दाजी असतील तर त्यांच्या मरणाला हसा, खुशाल हसा. पण हसून झाल्यावर, माळकरी असले तरी, त्यांना एक बाटली उघडायला लावा.