दीड तास मागचे तात्या

शारजात रोलाच्या मागच्या गल्लीत आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. तीन दुमजली खाटा, एक फ्रिज, एक एसी आणि तात्या. यांपैकी एसी अधूनमधून बंद पडायचा.

तात्या दापोली तालुक्यातले, केळशीच्या बाजूचे. दुबईतल्या एका लोखंडी कामाच्या यार्डात स्टोअरकीपर. दिवसभर नट-बोल्ट मोजायचे आणि रात्री जग. वय पन्नाशीच्या पुढे, तरी खाट वरची. वर मोबाइलला रेंज बरी मिळते, हे कारण. मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर लावलेलं. अमिरातीची वेळ दीड तास मागे, ती ते मनातल्या मनात वजा करून घेत. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता 'चला, साडेआठ झाले' म्हणत मोबाइल उघडायचे, आणि डाळीला फोडणी द्यायची पाळी त्यांची आहे हे आम्हाला त्यांना सांगावं लागायचं.

ते आले १९९८ च्या डिसेंबरात. ही तारीख त्यांच्या आयुष्यातली मोठी जखम. त्याच वर्षी २२ एप्रिलला शारजाच्या मैदानावर वाळूचं वादळ आलं होतं आणि सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावा केल्या होत्या. तात्यांचं ते आठ महिन्यांनी हुकलं. पण सांगायला लागले की असे डोळे चोळत की ऐकणाऱ्याला वाटावं, वाळू अजून पुरती निघालेली नाही.

तेव्हा मोबाइल नव्हता. गावाहून कोणी आलं की लोणच्याची बरणी यायची, आणि बरणीभोवती रत्नागिरीचं वर्तमानपत्र. बाकीचे बरणीवर तुटून पडायचे, तात्या कागदावर. तेलाचा डाग पडून अर्धी बातमी गेली असेल, तर उरलेली ते स्वतः पूर्ण करत. ती सवय पुढे मोबाइल आला तरी सुटली नाही.

२०१९ चा २३ नोव्हेंबर मला चांगला आठवतो. सकाळचे साडेसहा. बाथरूमसमोर रांग. तात्यांनी बाथरूमच्या दारावर थापा मारल्या. आत आमचा कोल्हापूरकर होता.

"अरे, शपथविधी झाला!"

"कुणाचा?"

"बाहेर ये, सांगतो."

"आतूनच ऐकू येतंय, बोला."

रात्री झोपताना महाराष्ट्रात एक सरकार ठरलेलं, उठून बघावं तर दुसरंच शपथ घेऊन मोकळं. तात्यांनी फ्रिजच्या दारावर मार्करने २८८ लिहिलं, खाली १४५ लिहिलं, आणि बेरजा सुरू केल्या. मंगळवारी ते सरकार गेलं. मार्कर मात्र पक्का निघाला. फ्रिजवरचं बहुमत पुढे दोन वर्षं टिकलं. सरकारं अशी रोज रात्री पाडणाऱ्या या माणसाच्या बोटाला शाई लागून वीस वर्षं झाली होती. मत द्यायला स्वतः गावी हजर राहावं लागतं, आणि मतदानासाठी रजा मागितली तर आमचा सुपरवायझर आधी हसला असता, मग तिकिटाचा दर विचारला असता.

गावाहून परतलेल्या माणसाला तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. घरचे बरे आहेत का, हा नव्हे. "हायवे कुठवर आला?" मुंबई-गोवा रस्त्यावर त्यांचा खास जीव. "हे बघ," ते म्हणायचे, "बुर्ज खलिफा. ८२८ मीटर. २००४ ला खणायला घेतला, २०१० च्या जानेवारीत उघडला. आणि आपला पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर, २०११ पासून चाललाय. हे उभं होतं, ते नुसतं आडवं टाकायचं होतं!"

बुर्ज खलिफाबद्दल त्यांच्याकडे आणखी एक ठेवणीतली गोष्ट होती. रमजानात तिथे खालच्या मजल्यावर रोजा सुटतो, तेव्हा वरच्यांचा सुटत नाही. ऐंशीव्या मजल्याच्या वर दोन मिनिटं थांबायचं, दीडशेच्या वर तीन, कारण वरून सूर्य उशिरा मावळताना दिसतो. ही गोष्ट ते कंपनीच्या बसचा पठाण ड्रायव्हर हातात खजूर धरून अजानची वाट बघत असताना सांगायचे. बिचारा मान डोलवायचा. तोंड उघडायची सोय नव्हती.

आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, नेपाळी होता. तात्यांनी त्याला गाठून सांगितलं, "तुझं घड्याळ आमच्या भारताच्या पंधरा मिनिटं पुढे असतं, माहिती आहे?" तो म्हणाला, "हां साब, मैं उधर से ही आया हूं." तात्यांना ते फारसं पटलं नाही. माहिती त्यांनी वाचली होती. तो तर नुसता तिथे जन्मला होता.

एकदा त्यांनी आम्हाला वर्गणी काढायला लावून, भाड्याची गाडी करून नहवाला नेलं. अमिरातीच्या पोटात मधा नावाचा ओमानचा एक तुकडा आहे, आणि त्या मधाच्या पोटात नहवा नावाचं अमिरातीचं गाव. मोदकात सारण आणि सारणात पुन्हा मोदक. वाटेत चौकी नाही, शिक्का नाही. ओमान आल्याचं कळतं ते मोबाइलवर रोमिंगचा मेसेज येतो म्हणून. नहवात शेवटी काय होतं? डोंगर, चार घरं, एक रस्ता. तात्या रस्त्यात उभे राहून म्हणाले, "आत्ता आपण अमिरातीत आहोत. आपल्याभोवती ओमान. ओमानभोवती अमिरात." कोल्हापूरकर म्हणाला, "आणि चहा कुठाय?" चहा दोन देश ओलांडून मिळाला.

तर असे तात्या. त्यांना न कळता जगात काही होत नव्हतं. मग २०२० चा जून आला.

अरबी समुद्रात वादळ उठलं आणि तात्या वरच्या खाटेवरून उतरेनात. ढगांचा नकाशा, वाऱ्याचा नकाशा, डोळा कुठे आहे, वेग किती. "नाव निसर्ग. बांगलादेशाने ठेवलंय. नव्या यादीतलं पहिलं नाव!" हे सांगताना आवाजात काळजी होती, आणि माहितीचा थोडा अभिमानही. घरी फोन करून त्यांनी बजावलं, गुरं सोडा, कौलांवर ओंडके ठेवा, वारा पडला तरी बाहेर पडू नका, डोळा गेला की उलट्या दिशेने येतो. तीन जूनला दुपारी वादळ श्रीवर्धनच्या अंगाने किनाऱ्यावर चढलं आणि गावातला एकूण एक फोन मेला.

तात्यांना जन्मात पहिल्यांदा बातमी नव्हती. आठवडाभर त्यांनी स्वतःहून फोडणी दिली. दोनदा मीठ टाकलं. आम्ही काही बोललो नाही.

आठव्या दिवशी कुणीतरी काकूंना डोंगरावर रेंज मिळेल तिथे नेलं आणि फोन लागला. खरखर फार होती. "आम्ही बरी आहोत... कौलं थोडी गेली... आगरात चार पोफळी..." आणि तुटला. तात्यांनी सुस्कारा सोडला. दीडशेतल्या चार पडल्या. स्टोअरच्या हिशेबात एवढी तूट चालते.

पुढे विमानं बंद, मग रजा बंद. २०२१ च्या दिवाळीला ते घरी गेले. परत आल्यावर दोन दिवस त्यांनी हायवेचं नाव काढलं नाही, तेव्हा मीच विचारलं.

"चार उभ्या आहेत," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"चार पडल्या नव्हत्या रे. चार राहिल्या होत्या. बाकी सपाट. दीड वर्ष ती व्हिडिओवर ओटीवरच बसायची, मागे देवघराची भिंत. मला वाटायचं, तिथे उजेड बरा असेल."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं. म्हणाली, मी चारच म्हटलं, पडल्या असं तुम्ही धरलंत. आणि सांगून तुम्ही तिकडून काय उभ्या करणार होतात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

तात्यांनी मोबाइल उलटा ठेवला. "काय म्हणणार? लॉकडाऊनमध्ये तीन महिने अर्धा पगार मिळाला, तो तरी मी तिला कुठे सांगितलाय?"

पुढच्या मृगात काकूंनी पन्नास रोपं लावली. पोफळीला पहिलं पीक यायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढी मुदत आमच्या खोलीत एकाही सरकारला मिळाली नव्हती. आता मात्र तात्यांनी अट घातली. दर महिन्याला फोटो, आणि रोपाशेजारी टेप धरलेली हवी. तोंडी माल त्यांनी यापुढे बंद केला.

पहिला फोटो आला तेव्हा सगळी खोली त्यांच्या खाटेभोवती जमली. एक पोफळ, शेजारी पिवळी टेप, टेप धरलेला बांगड्यांचा हात. खाली काकूंनी लिहिलं होतं, 'तीन फूट.' तात्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, वर नेला, खाली आणला, आणि बुंध्याशी बराच वेळ थांबले.

"टेपचं टोक वीतभर मातीत खुपसलंय," ते हळूच मला म्हणाले.

मग उशाखालची वही काढली, तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, तीन फूट.