आधी पाहा, मग भांडा

सिनेमा न पाहता त्यावर तावातावानं बोलणारा माणूस सेनगावात शोधावा लागत नाही. कुठल्याही हॉटेलात बसून चहा सांगा, तो शेजारच्याच बाकड्यावर असतो. वाद रंगलेला असतो, टेबलावर हात आपटले जात असतात. पाच मिनिटांनी कळतं की एकानं रील पाहिलंय, दुसऱ्यानं ट्रेलर पाहिलाय आणि तिसऱ्यानं नुसता कमाईचा आकडा वाचलाय. याला मी वाद म्हणायला तयार नाही.

वाद मला हवाच आहे. तालुक्याच्या गावात माणसं बांधावरून भांडतात, निवडणुकीवरून भांडतात, आणि त्यातली बरीच भांडणं तहसील नाही तर कोर्ट गाठतात. सिनेमावरून दोन मित्र भांडले तर कुणाची गुंठाभर जमीन जात नाही. उलट शेजारी बसणाऱ्या माणसाला कशाचं हसू येतं आणि कशानं त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ते कळतं. एरवी आपण एकमेकांना हे विचारतो कुठं? म्हणूनच हे भांडण नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

वयस्कर मंडळींचा जुना दावा घ्या: दादा कोंडके की व्ही. शांताराम? ‘सोंगाड्या’ आला १९७१ साली, ‘पिंजरा’ त्याच्या पुढच्या वर्षी. शांतारामवाले म्हणतात, दादांचा सिनेमा घरात बसून पाहायचा नाही. दादावाले म्हणतात, ‘पिंजरा’ म्हणजे मास्तरकी. पन्नास वर्षं झाली, दोन्ही बाजू हेच बोलतायत. पण दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहा. दोन्हींचा विषय तमाशाच आहे. ‘पिंजरा’तल्या गुरुजींना तमाशा पायरी पायरीनं खाली आणतो. शेवटी ते स्वतःच्याच खुनाच्या आरोपात उभे राहतात आणि गप्प राहतात, कारण गावाच्या मनातला गुरुजी त्यांना जिवंत ठेवायचाय. ‘सोंगाड्या’तला भोळा नाम्या तमाशापायी आईच्या रोषाला पात्र होतो, घराबाहेर पडतो, आणि तोच तमाशा त्याला जवळ करतो. एकानं तमाशात माणसाची घसरण पाहिली, दुसऱ्यानं आसरा पाहिला. भांडायचं ते यावर भांडा. आणि दोन तट पाडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही सिनेमांना संगीत राम कदमांचं आहे आणि निळू फुले दोन्हीकडं आहेत. आता त्यांना कोणत्या पार्टीत घालणार?

पोरांचा वाद वेगळा. एकाला ‘पुष्पा’ म्हणजे जीव की प्राण, दुसरा त्याला ‘कोर्ट’ पाहा म्हणून बजावतो. हा दुसरा बहुधा पुण्याला नाही तर संभाजीनगरला शिकून आलेला असतो. त्याचा हुकमी पत्ता म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे खरं आहे. भारतातर्फे तो ऑस्करलाही गेला. पण ‘पुष्पा’साठी अल्लू अर्जुनलाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारच मिळालाय. पुरस्कारानंच निकाल लावायचा असेल तर दोन्हीकडं मान तुकवा. नाही तर पुरस्कार बाजूला ठेवा आणि सिनेमात काय दिसलं ते सांगा. शिवाय ज्या हिंदी ‘पुष्पा’वर ही पोरं फिदा आहेत, त्यातला आवाज श्रेयस तळपदेचा, म्हणजे आपल्याच मराठी नटाचा. ‘साऊथवाल्यांनी सगळं खाल्लं’ म्हणून बोटं मोडणाऱ्यांच्या कानावर हे घालायला हवं.

‘पुष्पा’वाल्याचीही सुटका नाही. त्याचा ‘कोर्ट’वरचा आक्षेप ठरलेला: “कॅमेराच हलत नाही, झोप येती.” याच पोरानं ‘सैराट’ चार वेळा पाहिलेला असतो आणि त्याचा शेवट सांगताना त्याचा आवाज कापतो. तो शेवट आठवा. घरात आई-बापाचा खून झालाय, ते लेकराला कळत नाही. ते रक्ताचे पाय उमटवत बाहेर चालत जातं आणि पडद्यावर कसलाही आवाज नाही. अख्ख्या महाराष्ट्राला नाचवणाऱ्या अजय-अतुलच्या संगीताचा सिनेमा नागराज मंजुळेंनी अशा शांततेत संपवला. आता ‘कोर्ट’ पाहा. सुट्टी लागायच्या आधीचा कोर्टाचा शेवटचा दिवस संपतो, दिवे मालवतात, पडदा काळा पडतो. सिनेमा संपला असं वाटतं. मग सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. ते बाकावर डुलकी घेतायत, पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एका पोराला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. बस. खटल्यात अडकलेल्या म्हाताऱ्या लोकशाहिराचं आयुष्य ज्याच्या हातात आहे तो माणूस असा दाखवलाय, कसलंही भाष्य न करता. ‘सैराट’चा अबोल शेवट ज्याच्या काळजात घुसला, त्याला ‘कोर्ट’चा शेवट कळणार नाही हे मला पटत नाही. तो तिथपर्यंत पोचतच नाही, कारण विसाव्या मिनिटाला बोट मोबाइलवर सरकतं.

‘सैराट’च्याच शेवटावरून दुसरा फर्मास वाद होऊ शकतो. ‘सैराट’चा हिंदीत ‘धडक’ झाला, २०१८ साली, तेव्हा शेवट बदलला. तिथं मुलगी जिवंत राहते, नवरा आणि लेकरू जातं. जास्त क्रूर शेवट कोणता? यावर कट्ट्यावर अख्खी संध्याकाळ घालवा, मी शेवटपर्यंत बसेन. पण आमच्याकडं वाद कशावर, तर ‘सैराट’नं शंभर कोटी केले आणि ‘धडक’नं किती केले, यावर. ते कोटी ना तुमच्या खात्यात आले ना माझ्या. गल्ला मोजायला निर्मात्याचा हिशेबनीस बसलाय. तुमच्याकडं मत मागितलंय. कोटींनीच मोठेपण ठरवायचं तर त्याच नागराजचा आधीचा ‘फँड्री’ मोडीत काढावा लागेल, आणि ‘फँड्री’तल्या जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड ज्यानं अंगावर घेतलाय तो असं करणार नाही.

या सगळ्यांत एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. तो शेतकरी मित्राचा आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचा. तो पाहा म्हटलं की हा म्हणतो, “आपलंच मढं आपणच पैसे देऊन कामून पाहायचं? दिवसभर तेच तर बघतो. रात्री मपल्याला हाणामारी पाहिजे.” सोयाबीन भिजून काळं पडलेल्या वर्षी असं बोलणाऱ्या माणसाला अभिरुचीचे धडे देणारा मी कोण? शहरातले समीक्षक त्याला पळपुटा म्हणतील. मी म्हणणार नाही. दिवसभराच्या काळजीनंतर दोन तास कुणी तरी आपल्या वतीनं गुंडांना लोळवतंय हे पाहणं ही त्याची गरज आहे, आणि ती खरी आहे.

तरी मी त्याच्याशी भांडतोच. कारण ‘गाभ्रीचा पाऊस’ नुसता रडवत नाही. नवरा जिवाचं काही बरंवाईट करील या धास्तीनं बायको पोराला बापाच्या मागावर ठेवते. बाप जिकडं, पोरगं तिकडं. या पाळतीत हसू येतं आणि हसता हसता पोटात गोळा येतो. वृत्तपत्रांतल्या आकड्यांत ही बायको कधी दिसली नाही. त्या मित्राच्या घरातली बाईही अशीच रात्री दाराकडं डोळे लावून जागी असेल. तिच्यासाठी तरी त्यानं तो पाहावा. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. त्याला अजून पटलेलं नाही. वाद चालू आहे आणि असाच वाद मला हवाय.

आमच्या वादांना दोन वाक्यांनी कीड लावलीय. पहिलं, “तुला काही कळत नाही.” हे शिकलेला माणूस म्हणतो. समोरच्याला ‘कोर्ट’ आवडावा असं त्याला खरंच वाटत असतं तर त्यानं शेजारी बसून दाखवला असता. दुसरं, “आपल्या माणसाचा सिनेमा आहे, वाईट बोलायचं नाही.” ‘आपला’ कधी जातीचा, कधी पक्षाचा, कधी जिल्ह्याचा. हे वाक्य पहिल्याहून घातक. इतिहासावरचा सिनेमा आला की याला धार चढते. पटकथा ढिली आहे एवढं कुणी म्हटलं तरी त्याच्या निष्ठेची झडती सुरू होते. मग जाणकार माणूस गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की कट्ट्यावर फक्त घोषणा उरतात. मित्राला सिनेमा नावडला म्हणून महाराजांचा अपमान होत नाही. एवढं धरून चाललो तरी निम्मी कटुता जाईल.

खरी अडचण अशी की आता आपण एकच सिनेमा एका वेळी पाहतच नाही. ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचे त्याचे इअरफोन. त्यावर माझ्याकडं एक साधी सूचना आहे आणि ती सेनगावातल्या गणेश मंडळांना उद्देशून आहे. यंदा डीजेच्या पैशातले थोडे वाचवा, निर्मात्यांकडून रीतसर परवानगी घ्या आणि दोन रात्री चौकात पडदा लावा. पहिल्या रात्री ‘सोंगाड्या’, दुसऱ्या रात्री ‘पिंजरा’. बायांना पुढं बसायला जागा ठेवा. सिनेमा संपल्यावर माईक तासभर चालू राहू द्या आणि ज्यानं दोन्ही रात्री शेवटपर्यंत पाहिलं त्यालाच बोलू द्या. पहिली वर्गणी माझ्याकडून घेऊन जा.