दुसऱ्या फेरीचे दाजी

आमचे दाजी मूळचे सांगलीचे. मुक्काम कित्येक वर्षं फ्लोरिडात, टाम्पाला. नोकरी विमा कंपनीत. देवधर्म बेताचा, उपास डॉक्टर सांगतील तेवढेच. अढळ श्रद्धा एकाच गोष्टीवर: अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये किकरवर वरची फेरी घालवणारा माणूस शुद्ध गाढव असतो.

हे मत ऐकायला फुटबॉल कळावा लागत नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणी नुसतं "काय म्हणतोय टाम्पा?" विचारलं, की मागची रांग अडली म्हणून समजावं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा प्रवासाने माझे डोळे मिटत होते, आणि दाजी टेबलावर मेतकुटाची अन् लोणच्याची अशा दोन बरण्या मांडून सांगत होते, "पाव्हणं, हे खांब. मधे साडेअठरा फूट. चेंडू मागं आला, एकानं उभा धरला, दुसऱ्यानं लाथ घातली. सगळं मिळून सव्वा सेकंद. गुण तीन. बाकीचा वेळ हा गडी कडेला उभा राहून पाणी पितो. आणि ह्याच्यापायी तुम्ही दुसरी फेरी घालवणार?"

मी काहीच घालवणार नव्हतो. पण समोर बसलेला प्रत्येक माणूस दाजींच्या लेखी टाम्पा बे बुकॅनियर्सचा मॅनेजर असतो.

दर एप्रिलअखेर कॉलेजातून निघालेले खेळाडू बत्तीस संघ पाळीपाळीने उचलतात, सात फेऱ्यांत. गेल्या हंगामात जो सगळ्यात खाली, त्याची पाळी पहिली. हे तीन दिवस दाजी रजा काढतात. अक्काच्या बाळंतपणात त्यांनी किती रजा काढली होती, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही.

मूळ घाव 2016 चा. त्या वर्षी बुकॅनियर्सनी आपली तिसरी आणि चौथी फेरी कॅन्सस सिटीच्या पदरात टाकली, दुसऱ्या फेरीत जास्तीची एक जागा मिळवली, आणि 59 व्या क्रमांकावर घेतला कोण, तर रॉबर्टो अग्वायो नावाचा किकर. पोरगं फ्लोरिडा स्टेटचं. कॉलेजात टचडाउननंतरच्या 198 किक मारल्या, 198 आत. टाम्पात आल्यावर पहिल्या हंगामात फील्ड गोल 31 पैकी 22, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये हातात नारळ. तो नारळही 'हार्ड नॉक्स' ह्या मालिकेत कॅमेऱ्यासमोर दिला गेला. अक्का सांगते, त्या रात्री दाजी अग्वायोचा यथेच्छ उद्धार करत टीव्हीसमोर बसले होते, आणि भाग संपल्यावर म्हणाले, "निदान जेवून तरी पाठवायचं पोराला."

त्यांना कोंडीत पकडायला मी एकदा जानिकोव्स्की काढला. सेबॅस्टियन जानिकोव्स्की, ओकलंड रेडर्स, 2000 साल. किकर असून थेट पहिल्या फेरीत, 17 वा. आणि गडी 18 वर्षं तिथं राहिला! दुसरा कुणी गप्प बसला असता. दाजींचा चेहरा मात्र खुलला.

"त्याच ड्राफ्टात टॉम ब्रेडी कितवा? 199 वा! आणि जानेवारी 2002 मध्ये भर बर्फात ह्याच रेडर्सना घरी कुणी धाडलं? ब्रेडीनं आणि विनाटिएरीनं. 45 यार्डांवरून घातला त्यानं, पायाखाली बर्फ असताना. आणि त्या विनाटिएरीला ड्राफ्टात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मीठ लागतं म्हणून कुणी मिठागर विकत घेतं का, पाव्हणं?"

दाजींच्या हिशोबात खोट काढणं अवघडच. तरी त्यांच्या वहीतलं एक पान कायम चिकटलेलं असतं. त्याच 2016 साली, त्याच दुसऱ्या फेरीत, अग्वायोच्याही आधी, बुकॅनियर्सनी नोआ स्पेन्स नावाचा बचावातला गडी घेतला होता. 39 वा. तीन हंगामांत त्यानेही टाम्पातून गाशा गुंडाळला. त्याचं नाव दाजींच्या तोंडून कधी ऐकलंय? दुसऱ्या फेरीतले असे किती तरी येतात आणि जातात, त्यांच्यासाठी प्रसादाची रांग कुणी अडवत नाही. बचावातल्याची चूक अकरा जणांत वाटली जाते. किकरची चूक साठ-सत्तर हजार माणसांसमोर होते, एकट्याची होते, आणि दोन पंच हात आडवे करून ती जाहीर करतात. मला तर वाटतं, किकर महाग पडतो तो ह्यामुळेच. पण हे दाजींना ऐकवायचं म्हणजे अख्खी सुट्टी त्यात घालवायची.

त्यांच्या सिद्धांताला सोन्याचा कळस चढला फेब्रुवारी 2021 मध्ये. बुकॅनियर्सनी टाम्पातच, स्वतःच्या मैदानावर, सुपर बोल मारला. समोर कॅन्सस सिटी, 31-9. क्वार्टरबॅक कोण, तर तोच 199 वा ब्रेडी. आणि किकर रायन सकप, 2009 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 256 वा. शेवटच्याला तिकडे 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे जमेस न धरण्याचा माणूस. दाजींनी पेढे वाटले ते सकपच्या नावाने. ब्रेडीचं कौतुक करायला बाकी अमेरिका होतीच.

एवढं सगळं असताना दाजींनी किक मात्र एकही बघितलेली नाही. किकर मैदानात आला, की दाजी उठून स्वयंपाकघरात जातात. "जरा कोथिंबीर निवडतो." एरवी कोथिंबीर आणि मेथी त्यांना सारखीच. मग पाठमोरे उभे राहून विचारतात, "काय झालं?" आणि फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी अक्का सोफ्यावरून सांगते, "दोघांनी हात वर केले," किंवा "आडवे हलवले." पंचांच्या हातांपलीकडे खेळ शिकायची गरज तिला अजून पडलेली नाही.

जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनचा संघ टाम्पात आला. तिकडे रविवारची रात्र, इकडे माझी सोमवारची सकाळ. व्हिडिओ कॉल चालू होता. 20-20, घड्याळ संपत आलेलं, किक वॉशिंग्टनची. दाजी कोथिंबिरीकडे रवाना. अक्का ओरडली, "अहो, खांबाला लागला!"

दाजी जुडीसकट उडी मारून बाहेर. सोफ्याभोवती अर्धी फेरी झाली असेल.

"आणि आत पडला," अक्का म्हणाली. "हात वर केले बघा."

दाजी जागीच थांबले. बुकॅनियर्सचा हंगाम तिथंच संपला होता. काय बोलावं मला सुचेना. त्यांनी फोन ओढून घेतला, आणि पडद्यावर बघतो तो चेहऱ्यावर तेज.

"पाव्हणं, हा गोन्झालेस कोण ठाऊक आहे का? अर्धा हंगाम सरेस्तोवर घरी बसलेला. कुणाला नको होता. वॉशिंग्टननं आयता उचलला. दुसरी फेरी नाही, तिसरी नाही, फुकट! मी काय सांगत होतो?"

मागून अक्काचा आवाज आला, "मग फुकटच्या माणसाला भिऊन आत कशाला पळालात?"

"भिऊन?" दाजी म्हणाले. "कोथिंबीर काय तू निवडणार होतीस?"