क्लोजलीराव

पुण्याच्या पश्चिमेला वाकड, बालेवाडी, हिंजवडी या पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीत शिरा, लिफ्टमध्ये हा गृहस्थ भेटतोच. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मग वार रविवार का असेना. एका कानात इअरबड. चेहऱ्यावर ‘कॉलवर आहे, पण खास तुमच्यासाठी म्यूट केलंय’ असा उपकाराचा भाव. त्याला सहज विचारावं, “काय, कसं काय?” तर ‘बरं चाललंय’ एवढं साधं उत्तर त्याच्या तोंडून निघत नाही. तो म्हणतो, “सध्या लिफ्टच्या व्हेंडरबरोबर क्लोजली वर्क करतोय.” तेवढ्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबते.

आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थाचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. एरवी सगळे त्याला क्लोजलीराव म्हणतात. अर्थात, त्याच्या माघारी.

क्लोजलीराव कुठलीही गोष्ट नुसती करत नाही. तो कोणाबरोबर तरी करतो. इतर लोक डॉक्टरकडे जातात. तो शुगरच्या बाबतीत डॉक्टरांबरोबर क्लोजली वर्क करतो. इतर लोक मुलांचा अभ्यास घेतात. तो गणितासाठी मुलाबरोबर आणि क्लासच्या सरांबरोबर क्लोजली वर्क करतो. सहामाहीत मुलाला चाळीस मार्क पडले, तेव्हा “तिघांनी मिळून प्रयत्न केले, काय करणार!” असं तो म्हणाला. वार्षिकला पंच्याऐंशी पडले, तेव्हा तिघांतले सर वगळले गेले आणि मुलगा निमित्तमात्र उरला.

बायको पोळ्या लाटते, भाजते, तूप लावते. क्लोजलीराव डब्याचं झाकण उघडतो, आणि पोळी आत पडली की बंद करतो. पाहुण्यांना मात्र अभिमानाने सांगतो, “आमच्याकडे स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करतो.” त्या वेळी बायको आत कणकेचा दुसरा गोळा मळत असते, म्हणून तिचं म्हणणं कोणाला ऐकू येत नाही.

त्याला पहिली ठेच लागली ती सासरच्या एका लग्नात. जेवणाच्या रांगेत चुलतसासूबाईंनी त्याला गाठलं. या बाईंची हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची तोंडी परीक्षा घेण्यात गेलेली.

“जावईबापू, तुम्ही कंपनीत काय करता?”

“मी अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर क्लोजली वर्क करतो.”

“ते कळलं. पण करता काय?”

“म्हणजे असं, इकडे डेव्हलपमेंट टीम आहे, टेस्टिंगची टीम आहे, तिकडे क्लायंट आहे. या सगळ्यांबरोबर मी...”

“बरं. ते सगळे काम करतात. आता तुम्ही सांगा.”

क्लोजलीरावने अख्खा गुलाबजाम तोंडात कोंबला. तोंडी परीक्षेत गप्प बसायला यापेक्षा सभ्य कारण नाही.

त्याचा दिवस खऱ्या अर्थाने रात्री उगवतो. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तिकडे सकाळचे साडेआठ झाले की इथे रात्रीचे नऊ वाजतात. नवाच्या ठोक्याला क्लोजलीराव गॅलरीत येतो आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या माणसाबरोबर क्लोजली वर्क करायला लागतो. शेजाऱ्यांना त्याचा सगळा कॉल पाठ झालाय, कारण त्याच्या बाजूला चारच वाक्यं आहेत. ‘यू आर ऑन म्यूट.’ ‘प्लीज गो अहेड.’ ‘ॲब्सोल्यूटली.’ आणि कोणी नेमका प्रश्न विचारला की ‘लेट्स टेक इट ऑफलाइन.’ तासाभराने तो घरात येतो, मान मोडतो आणि म्हणतो, “आज फार ताणलं.” समोरच्या विंगमधली पहिलीतली मुलगी हीच चार वाक्यं म्हणत भातुकली खेळते, आणि तिचाही संसार उत्तम चालतो.

माणसांशी जी जवळीक, तीच हत्यारांशी. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. क्लोजलीराव त्यातल्या सतरा वापरतो. नऊ पिवळ्या रंगवतो, आठ हिरव्या. रंग का बदलले असं विचारलं तर तो सांगतो, “मी एक्सेलबरोबर खूप जवळून काम केलंय.” दिवाळीच्या सेलमध्ये त्याने ड्रिल मशीन आणलं. त्या मशीनने भिंतीला पहिलं भोक पाडलं ते सुताराने. दुसरंही सुतारानेच. क्लोजलीराव शिडी धरून उभा होता, आणि फोटोत शिडीच तेवढी आली नव्हती.

त्याच्या सार्वजनिक कारकिर्दीतलं सर्वांत गाजलेलं प्रकरण गळतीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधलं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या देवघरात ठिबकायला लागलं. देवांना अभिषेक घडतोय म्हणून दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी छताचा पोपडा नैवेद्यात पडला आणि क्लोजलीरावने सूत्रं हाती घेतली. अकरा जणांचा ‘लीकेज टास्क फोर्स’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. सकाळी अपडेट, संध्याकाळी अपडेट. थेंबाचा व्हिडिओ पुढून, थेंबाचा व्हिडिओ बाजूने. गळतीचं मूळ शोधायला एक उपसमिती आणि उपसमितीबरोबर क्लोजली वर्क करायला स्वतः क्लोजलीराव.

योगायोग असा की या रोगाचं निदान त्याच्याच कपाटात पडून आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात आणखी माणसं घातली की ते आणखीच रेंगाळतं, असं त्यांचं सांगणं. एक कारण साधं गणिताचं. पाच माणसं असली की आपापसांत बोलायच्या वाटा दहा होतात. दहा असली की पंचेचाळीस. माणसं दुप्पट, बडबड साडेचारपट. क्लोजलीरावला हे पुस्तक कंपनीत बक्षीस मिळालंय. वाचलं का, असं विचारलं तर तो म्हणतो, “सध्या त्याच्याबरोबर वर्क करतोय.”

या हिशेबाने अकरा जणांच्या टास्क फोर्समध्ये बोलायच्या पंचावन्न वाटा होत्या, आणि त्या पंचावन्नही वाटांनी मिळून ‘गुड मॉर्निंग’ येत होतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कोणालाही न विचारता कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लंबर बोलावला. त्याच्याबरोबर हाताखालचा एक पोरगा. दोघांत बोलायची वाट एकच. प्लंबर म्हणाला, “पाना दे.” पोरग्याने पाना दिला. जुना वॉशर निघाला, नवा बसला, गळती थांबली. त्या रात्री ग्रुपवर क्लोजलीरावचा संदेश आला: ‘टीमवर्क! प्लंबरबरोबर क्लोजली वर्क करून प्रश्न मार्गी लावला आहे.’ त्याला एकूण बेचाळीस अंगठे मिळाले. ग्रुपमध्ये माणसं अकरा असताना अंगठे बेचाळीस कसे, याचा उलगडा नंतर झाला: संदेश त्याने सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवरही टाकला होता.

त्याला अडवू शकेल असा सोसायटीत एकच माणूस आहे. तळमजल्यावरचे अण्णा. साताऱ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तिकीट मनातल्या मनात फाडतात. एकदा क्लोजलीरावने त्यांनाच कोलॅबोरेशनचं महत्त्व समजवायला घेतलं. एकट्याने काम करायचे दिवस संपले, वगैरे वगैरे.

अण्णा शांतपणे म्हणाले, “आमच्याकडं सावड असायची रे. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या तसल्याच माणसाशी जोडी जमवायचा. आज तुझं रान, उद्या माझं. काम मोठं असलं तर इर्जिक घालायची. गावातले नांगर एकाच्या रानात उभे राहायचे आणि त्या धन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं.”

“एक्झॅक्टली, अण्णा! हेच ते! आपल्या मातीतच आहे बघा कोलॅबोरेशन!”

“आहे की. पण बैल घेऊन आल्याशिवाय सावडीत कोण घ्यायचं नाही. तुझा बैल कुठला?”

क्लोजलीराव क्षणभर थांबला. मग म्हणाला, “मी दोन्ही बैलांबरोबर क्लोजली वर्क केलं असतं.”

अण्णांनी तपकिरीची डबी उघडली. त्या दिवसापासून क्लोजलीराव दिसला की ते ‘बैल आला का?’ असं विचारतात, आणि तो मोठ्याने हसून कानातला इअरबड दाबतो.

मग ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी जगापुढे आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लोजलीरावला असा सहकारी मिळाला की जो ‘पण तू काय करतोस?’ असं विचारत नाही. रात्री दोनला उठवा, तक्रार नाही. काम सगळं त्याने करायचं आणि वर ‘उत्तम प्रश्न विचारलात’ म्हणून शाबासकी क्लोजलीरावने घ्यायची. चुलतसासूबाईंनी जे दिलं नाही ते यंत्राने दिलं. आता त्याचे ईमेल, लेकाचा निबंध, बायकोच्या वाढदिवसाची चारोळी सगळं ‘एआयबरोबर क्लोजली वर्क करून’ निघतं. बायकोने चारोळी वाचली आणि खालचं ‘हवी असल्यास मी याची अधिक भावपूर्ण आवृत्ती देऊ शकतो’ हे वाक्यही वाचलं. त्या रात्री पोळ्यांचा डबा रिकामाच राहिला. झाकण मात्र नेमाने उघडलं गेलं.

गणपतीत आरतीची सूचनाही याच सहकार्यातून आली. ‘प्रिय रहिवासी, चला, आपण सारे मिळून आरतीच्या एका अविस्मरणीय प्रवासाला सुरुवात करूया.’ त्याखाली ‘प्रसादाचे पाच प्रमुख फायदे’, ठळक अक्षरात. आरती किती वाजता, हे कुठेच नव्हतं. लोक सातपासून नऊपर्यंत येत राहिले आणि त्या संध्याकाळी तीन आरत्या झाल्या. क्लोजलीरावने नोंद केली: ‘सहभाग तिप्पट.’

असा माणूस वार्षिक सर्वसाधारण सभेत एकमताने सेक्रेटरी म्हणून निवडून का येतो, हे परक्याला कळायचं नाही. सभा नेहमीप्रमाणे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, क्लब हाऊसमध्ये. जुन्या सेक्रेटरींनी राजीनामा दिलेला. पाण्याचे टँकर आणि पार्किंगची भांडणं यांनी त्यांची झोप उडाली होती. नवं नाव सुचवा म्हटल्यावर सगळी सभा छताच्या पंख्याकडे बघायला लागली. पहिले म्हणाले, मला वेळ नाही, पण मी आहे बरोबर. दुसरे म्हणाले, माझं ब्लडप्रेशर, पण काही लागलं तर सांगा. तिसऱ्या बाई म्हणाल्या, पद नको, पण सपोर्ट पूर्ण.

मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ते आकडे १९१३ साली छापून आले. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, त्याच्या जवळपास निम्माच जोर तो आठ जणांत उभा राहिला की लावतो. आमच्या सोसायटीत फ्लॅट शहाण्णव आहेत. पुढचा हिशेब करायची हिंमत आजवर कोणाला झालेली नाही.

अशा सभेला काम करणारा सेक्रेटरी परवडत नाही. तो स्वतः काम करील आणि उद्या आपल्यालाही सांगेल. आम्हाला हवा असतो तो आमच्या ‘आहोत बरोबर’ला मान देणारा, ते इतिवृत्तात नोंदवणारा आणि पुढे काहीही न मागणारा माणूस. म्हणून जेव्हा क्लोजलीराव उठला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, “मला एकट्याला जमणार नाही. पण तुम्ही सगळे माझ्याबरोबर क्लोजली वर्क करणार असाल, तर...” तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हात वर झाले. मागच्या रांगेत जे झोपले होते त्यांचेसुद्धा.

अण्णा बसल्या जागेवरून सभेकडे बघत म्हणाले, “हात सगळ्यांचे वर आहेत. कामाला एखादा खाली ठेवला असता तर बरं झालं असतं.”

सभा खळखळून हसली. नव्या सेक्रेटरींनी तिथल्या तिथे इतिवृत्तात नोंद घेतली: ‘हात खाली ठेवण्याबाबत अण्णांची सूचना चांगली असून, नियोजित उपसमितीने त्यांच्याबरोबर क्लोजली वर्क करावे. अनुमोदक: सर्व.’