कॅप्टन, जरा बॅग घेता का?

अमेरिका म्हणजे गुणवत्तेचा देश, ज्याच्या अंगात धमक त्याचं राज्य, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सांगणाऱ्यांना तिथला एअरलाइनचा पायलट बहुधा कधी भेटला नसावा. आपल्या जिल्हा परिषदेतला हेडक्लार्क लाजेल इतकी कडक सेवाज्येष्ठता यादी तिथे चालते. नोकरीला लागलात की एक क्रमांक मिळतो. पुढे कोणतं विमान, कोणतं शहर, को-पायलटचा कॅप्टन कधी, ख्रिसमसला घरी की आकाशात, मुक्काम होनोलुलूला की ओमाहाला, सगळं तो क्रमांक ठरवतो. तुम्ही विमान किती अलगद टेकवता याची नोंद फार तर सासूबाई घेतील.

खरी मेख कंपनी बदलताना कळते. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस डेल्टा सोडून युनायटेडमध्ये गेला, तर तो कालच भरती झालेल्या पोराच्या मागे रांगेत. पुन्हा को-पायलटची उजवी सीट, पुन्हा तळाचा पगार. म्हणून हे लोक एअरलाइन निवडताना जितका घोळ घालतात तितका लग्न ठरवतानाही घालत नाहीत.

आता या रांगेला शेजारीच दुसरं दार आहे: फ्रॅक्शनल जेट. अख्खं विमान परवडत नाही, किंवा परवडतं पण त्याचा व्याप नको, अशा श्रीमंतांनी विमानात हिस्सा घ्यायचा. सोळावा हिस्सा म्हणजे वर्षाला ५० तास. ज्याच्या सातबाऱ्यावर विहिरीतला एक आण्याचा हिस्सा लागलाय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच, की इथे पाळी लागत नाही. हिस्सेदाराने फोन केला की काही तासांत विमान हजर. १९८६ मध्ये रिचर्ड सँटुली नावाच्या गणितज्ञाने हा हिशेब बसवला. त्याची कंपनी म्हणजे आजची नेटजेट्स. १९९८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती ७२.५ कोटी डॉलरला घेतली. सँटुलीच्याही आधी या कंपनीचे अध्यक्ष होते पॉल टिबेट्स. हो, हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे पायलट तेच. दुसऱ्या डावात माणसाला काय काम मिळेल, सांगता येत नाही.

तर अमेरिकन पायलटसमोरचा प्रश्न असा: रांगेत उभं राहायचं, की बॅगा उचलायच्या?

बॅगा हे मी अलंकारिक म्हणत नाही. छोट्या आणि मध्यम जेटवर माणसं दोनच, दोघंही पायलट. हवाईसुंदरी नाही, लोडर नाही. न्यूयॉर्कच्या बड्या मंडळींचा टेटरबरो विमानतळ घ्या. हिस्सेदाराची गाडी थेट विमानाशी येते. कॅप्टनने तोवर हवामान पाहिलंय, इंधन भरून घेतलंय, शिवाय बर्फ आलाय का, कॉफी गरम आहे का, सँडविचमधला कांदा काढलाय का, हेही पाहिलंय. मग गोल्फच्या पिशव्या शेपटीकडच्या कप्प्यात एकावर एक बसवायच्या. कुत्रा असेल तर त्याच्याशी दोन शब्द गोड बोलायचे. आणि त्याच हातांनी काही तासांत डोंगरांच्या बेचक्यातल्या, ७,८०० फुटांवरच्या ॲस्पेनकडे विमान वळवायचं. प्रवासी उतरले की सीटच्या फटीतले शेंगदाणे वेचायचे. शौचालयाबद्दल मी लिहीत नाही, रविवारची सकाळ आहे.

एअरलाइनचा कॅप्टन हे ऐकून नाक मुरडतो. चार पट्ट्या काय हमालीसाठी मिळवल्या? बरोबर. मग हे साहेब स्वतः कुठे झोपतात ते पाहू. घर फ्लोरिडात, बेस न्यूयॉर्कला. ड्यूटीला जायचं तर दुसऱ्याच्या विमानात कॉकपिटमधल्या जादा सीटवर, ती रिकामी असली तर. क्वीन्समध्ये क्यू गार्डन्स नावाचा भाग आहे, तिथे पायलट नि केबिन क्रू यांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या आहेत. एकावर एक बंक. स्वस्तातला प्रकार म्हणजे ‘हॉट बेड’: आधीचा उठला की त्याच्या उबेत तुम्ही आडवे. आपल्या गिरणगावात पाळ्यांनी झोपणारे गाळेकरी होऊन गेले, पण त्यांच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या नव्हत्या. फ्रॅक्शनलवाला मात्र बहुतेक वेळा घराजवळच्या विमानतळावरून निघतो, विमानापर्यंतचं तिकीट कंपनी काढते, आणि सात दिवस काम, सात दिवस घर असा ठोक हिशेब असतो. फक्त थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला ‘घरी’ म्हणू नका. तेव्हा हिस्सेदारांनाही कुठेतरी जायचं असतं.

मग पैशाचं काय? इथे तराजू सारखा खालीवर होतो. २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार पदरात पाडला आणि फ्रॅक्शनलवाल्यांचे डोळे एअरलाइनकडे लागले. पुढच्याच वर्षी एअरलाइन भरती मंदावली, स्पिरिट एअरलाइन्सने पायलट घरी बसवले, आणि गोल्फच्या पिशव्या अचानक हलक्या वाटू लागल्या. अर्थात नेटजेट्सनेही २०१० मध्ये जवळजवळ पाचशे पायलट घरी बसवलेच होते. मंदीत श्रीमंतही काटकसर करतात. आधी तुमची, मग स्वतःची. आणि नेटजेट्सच्या मालकाचं एअरलाइनबद्दलचं मत हवं असेल, तर २०२० च्या साथीत बर्कशायरने चारही मोठ्या अमेरिकन एअरलाइनचे शेअर एकजात विकून टाकले. स्वतःच्या जेटचं नाव ‘इन्डिफेन्सिबल’, म्हणजे असमर्थनीय, ठेवलेला माणूस. विमान समर्थनीय नाही, एअरलाइन तर मुळीच नाही.

क्रमांकाचा भरवसा किती धरायचा, हे मुंबईकरांना सांगायला नको. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं आणि पंचवीस वर्षांत साठवलेली ज्येष्ठता त्याच धावपट्टीवर संपली. आपल्याकडे गंमत अशी, की कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनीने बंद पडायची नोटीस किती द्यावी, याचा नियम माझ्या वाचनात नाही.

माझं विचाराल तर पस्तिशीच्या आत आहात तोवर रांगेत उभं राहा. वेळ हेच तुमचं भांडवल. पन्नाशी ओलांडली असेल आणि माणसांचा कंटाळा नसेल, तर बॅग उचला, पाठ सांभाळून. मधल्या वयाच्या लोकांनी बायकोला विचारावं आणि एकदा तरी ऐकावं.

आता साठी ओलांडलेल्यांचं. अमेरिकेत ६५ पूर्ण झाली की एअरलाइनचं कॉकपिट बंद. १८० सामान्य माणसांसाठी म्हातारा ठरलेला हा कॅप्टन दुसऱ्या दिवशी अब्जाधीशासाठी ‘अनुभवी’ ठरतो. फ्रॅक्शनलला ती मर्यादाच नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याने ७० ची घातली, तीही वर्षाला ७५ हजार जेट उड्डाणं करणाऱ्यांनाच. त्या मापात बसणारी कंपनी तेव्हा एकच होती: नेटजेट्स. पुढे एअरलाइनचं वय ६७ करायचा प्रस्ताव आला, २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूरही झाला, आणि २०२४ च्या अंतिम कायद्यातून गळला. विरोधात आघाडीवर पायलटांचीच सगळ्यात मोठी संघटना. कारण दिलं की आंतरराष्ट्रीय नियम ६५ चाच आहे, घोळ होईल. खरंच आहे ते. पण यादीतला चार हजारावा पायलट पहिल्या नंबरच्या कॅप्टनचा वाढदिवस त्याच्या बायकोपेक्षा चांगला लक्षात ठेवतो, हेही काही खोटं नाही.